मचाणावरची लाल गाडी

आमच्या घरमालकांच्या बैठकीत पंखा लावायला बंदी होती. अगदी मे महिन्यातसुद्धा. बाहेर वऱ्हाडातलं ऊन अंगाची सालं काढतंय, आत माणसं घामाने निथळत बसली आहेत, डोक्यावर चांगला धडधाकट पंखा आहे आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली आहे. नवा पाहुणा सवयीने बटणाकडे हात नेई, तेवढ्यात खाली सतरंजीवर बसलेल्या काकाजींचा आवाज येई, "पंखा नाई. गाडीचं काम चालू हाय." पाहुणा खिडकीतून अंगणात बघे. अंगणात एक म्हैस आणि चेन उतरलेली सायकल, एवढंच असायचं.

गाडी असायची आत, सतरंजीवर ठेवलेल्या पितळी परातीत. प्लॅस्टिकचे एकमेकांत बसणारे ठोकळे असतात ना, परदेशी खोक्यांतून येणारे, त्यांची. साधीसुधी गाडीही नाही. जगात जिथे कुठे शर्यती होतात तिथे पळणाऱ्या, चपट्या, मागे पंख असलेल्या गाड्यांच्या हुबेहूब वीतभर आवृत्त्या. आणि त्या बनवणारे आमचे काकाजी अडुसष्ट-सत्तरचे, पायजमा, बंडी, टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने कानाला बांधलेली. आयुष्यात ते स्वतः बैलगाडी सोडून काही चालवायला शिकले नव्हते.

मी धनजच्या जनावरांच्या दवाखान्यात होतो तेव्हाची ही गोष्ट. आता बदली होऊन अनसिंगला आलो आहे. मी काही डॉक्टर नव्हे, पण गुरांना सुई टोचणाऱ्याला गावात डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. काकाजींच्या माडीवरची खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्याच आठवड्यात ते जिन्याखाली उभे राहून विचारायला लागले, "तुमच्याजवळ चिमटा हाय का, बारीक टोकाचा?" मला वाटलं काटा रुतला असेल. त्यांना गाडीच्या दारावर नखाएवढा स्टिकर चिकटवायचा होता आणि बोटं जाड पडत होती. म्हशीच्या जखमेतले किडे काढायचा चिमटा मी पाण्यात उकळून दिला. तो मला पुन्हा कधी परत मिळाला नाही. पंखा बंद का, तेही त्या दिवशी कळलं. स्टिकर उडतात, पुस्तकाची पानं उलटतात आणि मग कुठल्या पायरीवर होतो ते सापडत नाही.

त्यांची कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. पाकीट फोडलं की तुकडे सुपात घ्यायचे आणि काकू तूर पाखडतात तसं सूप हलकेच झुलवायचं. बारीक पुढे, ठोकळ मागे. मग रंग निवडून डाळीच्या रिकाम्या डब्यांत. सूप स्वयंपाकघरातलं एकुलतं एक, त्यामुळे काकू रोज एकदा तरी चिडत. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला असताना वरणात काळा खडा लागला. थुंकायला निघालो तर काकाजींनी हात पुढे केला, तो खडा घेतला, लोट्यातल्या पाण्याने धुतला आणि उजेडात धरून समाधानाने म्हणाले की हा डाव्या बाजूचा आरसा, परवापासून शोधतो आहे. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाहा बाप्पा. मले सवत आनली असती तं बरं झालं असतं. जेवनात तरी नसती आली."

खोक्यात पुस्तक यायचं, नुसत्या चित्रांचं. ते त्यांना फार आवडे. मला एकदा समजावून सांगितलं, "ह्याच्यात कोनाच्याच भाषेचं अक्षर नाई, म्हनून मले समजते. कागदावर अक्षरं आली का मानूस फसते." तेव्हा मी हसलो होतो. पुढे हसू आलं नाही.

सगळ्यात विचित्र गोष्ट पुढेच होती. चार-सहा दिवस खपून गाडी पूर्ण झाली की माणूस ती कपाटात मिरवायला ठेवेल की नाही? हे ती परातीत घेऊन एक दुपार नुसती बघत बसायचे. दुसऱ्या दिवशी सगळी गाडी सुटी करायची, आधी जे तुकडे ज्या पाकिटातून निघाले त्याच पाकिटात मोजून परत घालायचे आणि मेणबत्तीवर पाकिटाचं तोंड डागून बंद करायचं. बियाणं ठेवतात तसं. मग पाकिटं खोक्यात, खोकं दिवाणात. दिवाणावर झोपायचे तेच, त्यामुळे ते अशा गाड्यांच्या ढिगावर झोपत. मी विचारलं की बनवता कशाला आणि मोडता कशाला. म्हणाले, बनवून पाहिल्याशिवाय कसं कळेल तुकडा कमी नाही म्हणून? लेकराने उत्साहाने खोकं उघडायचं आणि शेवटी चाकच नाही निघालं तर?

लेकरू म्हणजे त्यांची नात. काकाजींना एकच मुलगी, तिची ही एकच मुलगी. मुलगी नागपूरला दिलेली, पण जावयाचं मूळ घर नाशिकला. सणासुदीला नागपूर-नाशिक व्हायचं आणि जुना रस्ता आमच्या बाजूने होता. जाताना एक मुक्काम धनजला, येताना एक मुक्काम धनजला, हा लग्नापासूनचा शिरस्ता. नात शर्यतींचं वेड असलेली. बापाबरोबर टीव्हीवर बघून तिला गाड्यांची नावं पाठ. एका दिवाळीत ती लाल गाडीचं खोकं घेऊन आली, आजोबांच्या बैठकीत मांडी घालून बसली, अर्धी गाडी बनवली आणि निघायची वेळ झाली. जाताना बजावून गेली की आजोबा, हात नका लावू, पुढच्या वेळी येईन तेव्हा मी पूर्ण करीन.

ती अर्धी लाल गाडी काचेच्या कपाटात होती. सांगाडा, बसायची जागा, समोरचं नाक. चाकं नाहीत, मागचा पंख नाही. वरून मच्छरदानीचा तुकडा झाकलेला आणि उरलेली पाकिटं शेजारी. बाकीच्या गाड्या त्यांनी मागाहून माझ्या मोबाइलवरून मागवल्या, कारण असल्या गाड्या घरात असतील तर नात नक्की येईल असा त्यांचा हिशोब होता. सगळ्या जोडल्या, मोडल्या आणि तिच्यासाठी भरून ठेवल्या. लाल गाडीला मात्र त्यांनी बोट लावलं नव्हतं.

त्यांचे साळे एकदा मंगरूळपीरच्या उरुसातून तशीच एक ठोकळ्यांची गाडी घेऊन आले. स्वस्तातली, चकचकीत. भाऊजींना आवडेल म्हणून बिचाऱ्यांनी हौसेने आणली. काकाजींनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं की शिक्का कुठे आहे. त्यांच्या खोक्यांवर खऱ्या गाडीच्या कंपनीचा शिक्का असायचा. तिची परवानगी घेऊन बनवलेली, असा. हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. साळ्यांना म्हणाले, ही विचारल्याबिगर बनवली आहे, परत ने. साळे दुखावून निघून गेले. नंतर सुपारी कातरता कातरता काकाजी माझ्याशी बोलले. "पाहा डॉक्टर, खेळन्याची गाडी बनवाची तं थे बी मालकाले इचारून. माह्या वावरासाठी तं कोनाले मले इचारा बी नाई लागलं. मीच पेन घेऊन धावलो."

हे रस्त्याबद्दल होतं.

धनजच्या शिवारातून नवा मोठा रस्ता गेला तेव्हा गावातले बहुतेक लोक अडून बसले होते. सभा, अर्ज, मोजणीवाल्यांना परत पाठवणं, सगळं झालं. अशा वेळी संमतीची पहिली सही केली ती काकाजींनी. घराजवळचं, विहिरीचं वावर, ज्यात दोन्ही पिकं निघत. गावाने नावं ठेवली, काहींनी बोलणं टाकलं, फितूर म्हणाले. काकाजींच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की हा रस्ता झाला की नागपूर दोन-अडीच तासांवर येईल. त्यांनी तेवढंच ऐकलं. पोरगी सकाळी निघेल आणि जेवायला घरी. सणाची वाट बघायची गरज नाही, रविवारी उठली आणि आली. ह्या हिशोबात त्यांनी विहीर दिली.

रस्ता झाला. दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच सिमेंटची भिंत, मधे गुळगुळीत फरशीसारखा रस्ता आणि त्यावर सुसाट गाड्या. आणि उतरायला जागा नाही. म्हणजे आहे, पण तिकडे दूर. तिथे उतरा, मग खड्ड्यांच्या रस्त्याने उलटं धनजला या, मग पुन्हा तेवढंच जाऊन चढा. ज्या माणसाने वावर दिलं त्याच्या वावरात गाडी थांबवता येत नाही, ही गोष्ट सहीच्या आधी काकाजींच्या मनात आलीच नव्हती. आमच्याकडे रस्ता म्हटला की त्यावर हात केला की एसटी थांबते. रस्ता अंगावरून जाईल आणि आपल्याला ओळखणार नाही, असं कोणाला सुचेल?

पहिल्या वर्षी पोरगी दूरचा फेरा घेऊन एकदा आली. नात परीक्षेमुळे आली नाही. मग पोरगी फोनवर सांगू लागली की बाबा, उतरलं की अर्धा दिवस मोडतो, यांना रजा नाही, तुम्हीच या ना नागपूरला. तिचंही खोटं नव्हतं. तिला नोकरी होती, सासू आजारी होती, मुलीचे क्लास होते. मी तिला कधी वाईट म्हटलं नाही आणि काकाजींनी तर नाहीच. पण पूर्वी वर्षातून चार मुक्काम व्हायचे ते एकही होईना. लग्न झालेली मुलगी बापाच्या वावरातून, जिथे त्यांची विहीर होती अगदी त्याच्यावरून, डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाऊ लागली.

मग बापलेकीने एक ठरवलं. पोरीने निघताना फोन करायचा, आणि कारंजा जवळ आलं की पुन्हा एक फोन. तो आला की काकाजी रस्त्याकडेच्या उरलेल्या वावरात. रानडुकरांसाठी उभारलेलं मचाण होतं, ते त्यांनी भिंतीच्या अंगाला हलवून घेतलं. त्यावर चढून गळ्यातला दुपट्टा हलवत उभे राहायचे. पहिल्यांदा परत आले तेव्हा मी विचारलं, दिसली का? म्हणाले, "पांढऱ्या गाड्या लय गेल्या. त्याच्यात असन एखादी." संध्याकाळी पोरीचा फोन आला, दिसलात बाबा. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून चहा पाजला.

दसऱ्याला गावात जशा मोटरसायकली आणि ट्रॅक्टर धुतात तशा काकाजी गाड्या पुजत. दिवाणातली सगळी खोकी बाहेर, प्रत्येकावर झेंडूचं फूल आणि हळदीकुंकू, वर आपट्याचं पान. लाल गाडी मधोमध. नवी गाडी लिंबावरून न्यायची असते, पण अख्खं लिंबू ठेवलं तर गाडीच त्यामागे लपे, म्हणून काकूंनी परसातल्या झाडाचं गोटीएवढं कोवळं लिंबू तोडून आणलं. चाकंच नसल्यामुळे गाडी त्यावरून जाणार कशी? काकाजींनी लिंबू गाडीपुढे ठेवलं आणि म्हणाले, "राहू द्या. पोट्टी आली का थेच फिरवन." ते लिंबू तिथेच वाळून काळं झालं. दुसऱ्या दसऱ्याला दुसरं ठेवलं.

असं चाललं असताना एका सकाळी मी खाली आलो तर सतरंजीवर परात, परातीत लाल गाडी. मच्छरदानी बाजूला पडलेली. ते मागचा पंख बसवत होते. मी जिन्यापाशीच थांबलो. काकू दाराशी उभ्या होत्या. एवढी वर्षं ज्याला हात लावला नव्हता त्याला हात लावला, म्हणजे काहीतरी संपलं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. चौथं चाक बसल्यावर त्यांनीच तोंड उघडलं.

"मी तिले कायले दिसन, डॉक्टर? तुरीत उभं असलेलं म्हातारं, बुजगावन्यासारखं. पन लाल गाडी तिले पटकन वळखू येईन. तिचीच व्हय न."

दसरा नव्हता तरी त्यांनी काकूंकडून कोवळं लिंबू मागून घेतलं. गाडी त्यावरून नेली. गाडी हलकी, लिंबू काही चिरडेना. त्यांनी वरून तळव्याने दाबलं तर लिंबू फुटलं, पण पुढचा पंखही निखळला. तो चिमट्याने परत बसवला. मग गाडी लाकडी पाटावर तारेने बांधली आणि पाटाला बांबू ठोकला.

त्यानंतर पोरीचा फोन आला की काकाजी मचाणावर तो बांबू उंच धरून उभे राहत. गावातली पोरं मजेने बघायला जात. शेजारच्या वावरातला एक जण, ज्याने सहीनंतर बोलणं टाकलं होतं, मोठ्याने म्हणाला की आता मिरवणूकच काढा. काकाजी हटले नाहीत. बांबू खाली यायचा नाही. आणि दरवेळी संध्याकाळी फोनवर तेच आनंदाचं बोलणं. दिसली बाबा, लालबुंद दिसली, तुमची नात खिडकीला नाक लावून बसली होती. मग ते मला जिन्यातून हाक मारून सांगत. शब्द तेच, पण दरवेळी नवी बातमी असल्यासारखे.

पावसाळा सरता सरता त्यांना ताप भरला. साधा वाटला, मग उतरेचना. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या आणल्या, तिथल्या सिस्टर येऊन सलाइन लावून गेल्या. त्यात नेमकी पोरगी नाशिकला निघायची होती. सकाळी फोन आला तेव्हा काकाजींनी तापाचं काही सांगितलं नाही. काकूंनाही डोळ्यांनी गप्प केलं. दुपारी कारंज्याजवळून फोन आला तेव्हा ते दिवाणावरून उठायला लागले, एक पाय खाली ठेवला आणि तसेच बसून राहिले. मी म्हणालो की मी जातो, मी धरतो बांबू. त्यांनी मान हलवली. "तुमाले पाहून तिले काय वाटन? आजोबा कुठी गेला म्हनून घाबरन." पाट भिंतीला टेकून ठेवलेला होता. त्याच्यावरची लाल गाडी त्यांच्याकडे नाक करून होती. ते तिच्याकडे बघत पडून राहिले आणि मधेच एकदा म्हणाले की आता विहिरीवरून गेली असेल.

संध्याकाळी फोन आला. फोन कानाशी धरवत नव्हता, म्हणून मी स्पीकर लावून उशीजवळ ठेवला.

"बाबा, पोचलो बरं आमी."

"बरं झालं माय."

"आज बी दिसली तुमची गाडी. मस्त लाल दिसे. पोरगी म्हने, आजोबा हात हलवून राह्यले."

मी भिंतीकडे पाहिलं. काकाजींनीही पाहिलं. पाट तिथेच होता. सकाळपासून कोणी हलवला नव्हता. मला त्या क्षणी इतका राग आला की फोन उचलून काहीतरी बोलणार होतो. कोणाचा राग आला होता ते आजही सांगता येत नाही. म्हाताऱ्या बापाला बरं वाटावं म्हणूनच ती बोलत होती. तिच्या आवाजात माया होती, तेच ऐकवत नव्हतं.

काकाजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात तापाने भाजत होता.

"हो माय," ते म्हणाले. "मीच होतो. तू सांभाळून राह्यजो."

फोन बंद झाला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग हळूच, माझ्याशी नव्हे, म्हणाले, "मंग आंधीच्या खेपा बी..." मचाणावरचे ते सगळे दिवस, तो वर धरलेला बांबू, फोननंतरचा तो चहा, सगळं त्या अर्ध्या वाक्यात गेलं. खोलीत म्हशीच्या रवंथाचा आवाज तेवढा येत होता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "पंखा लावा."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी तसाच बसलो. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी उठून बटणावरची चिकटपट्टी काढायला लागलो. ती इतकी जुनी झाली होती की नखाने खरवडावी लागली. पंखा आधी कुरकुरला, मग फिरला. पात्यांवर साचलेली धूळ आमच्या अंगावर पडली. कोपऱ्यात ठेवलेल्या पुस्तकाची पानं फडफडून उलटली, परातीतला स्टिकरांचा कागद उडून दिवाणाखाली गेला. काकाजींनी वळून पाहिलं नाही.

आवाज ऐकून काकू पेजेची वाटी घेऊन दारात आल्या. त्यांनी आधी फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. वाटी खाली ठेवली आणि उंबरठ्यावरच बसल्या.